उशीखालच्या गोळ्या

वसईजवळच्या एका गावातून एका भगिनीचं पत्र आलं आहे. वय ४८, शाळेच्या कचेरीत नोकरी. आई ७४ वर्षांची, स्तनाचा कर्करोग मणक्यात उतरलेला. आजार हटवण्याचे उपचार थांबले आहेत. डॉक्टरांनी आता दुखणं कमी करण्यावर भर देऊन मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत. गेल्या आठवड्यात चादर बदलताना उशीखाली टिश्यूत गुंडाळलेल्या अकरा गोळ्या सापडल्या. विचारल्यावर आई म्हणाली, "प्रभूने क्रूसावर गुंगीचं औषध घेतलं नव्हतं. माझं दुखणं मी त्याला वाहिलंय. ते वाया घालवायला लावू नकोस." परदेशातला भाऊ फोनवर सांगतो, तिच्या मनासारखं होऊ दे. प्रार्थनागटातल्या मावशी सांगून गेल्या की घरात कुणाचं तरी कबूल न केलेलं पाप असणार. पत्राच्या शेवटी त्या लिहितात : "तीन महिने झाले, जपमाळ हातात धरवत नाही. रात्री आई कण्हायला लागली की 'देवा, हिला आता ने' एवढंच तोंडात येतं आणि सकाळी त्याचीच लाज वाटते. दुःखाला अर्थ असतो असं लहानपणापासून ऐकलं. मला तो कुठे दिसत नाही. माझी श्रद्धा संपली का? आणि गोळ्या तिच्या नकळत पेजेतून दिल्या तर चालेल का?"

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्याला थांबायला वेळ नाही. गोळ्या पेजेत कालवून देऊ नका. मॉर्फिनच्या बऱ्याच गोळ्या हळूहळू विरघळाव्यात अशा बनवलेल्या असतात. बारा तासांचं औषध थोडं थोडं करून अंगात उतरावं, ही त्यांची रचना. अशी गोळी कुटली किंवा चावली की सगळं औषध एकदम उतरतं आणि श्वास मंदावू शकतो. त्याहून मोठी काळजी मला त्या अकरा गोळ्यांची वाटते. त्या पोटात गेल्याच नाहीत हे डॉक्टरांना माहीत नाही. दुखणं थांबत नाही म्हणजे औषध कमी पडतंय असं समजून ते डोस वाढवतील, आणि एखाद्या रात्री अगदी असह्य होऊन आईने तो वाढीव डोस खरोखर घेतला, तर तिच्या शरीराला त्याची सवयच नसेल. म्हणून उद्या सकाळी दवाखान्यात फोन करा आणि खरा आकडा सांगा. आईची चुगली केल्यासारखं वाटून घेऊ नका. त्या जमवलेल्या गोळ्यांचं काय करायचं तेही त्यांनाच विचारा, तोवर कुलपात ठेवा.

पेजेतून न देण्याचं आणखी एक कारण आहे. तुमच्या आईच्या हाती आता फार थोड्या गोष्टी उरल्या आहेत. कुशीवर कधी वळवायचं, अंग कधी पुसायचं, दिवा कधी मालवायचा, सगळं दुसरे ठरवतात. गोळी गिळायची की नाही, एवढं एक तिच्या हातात आहे. पेजेतून औषध जातंय हे तिला कळलं, आणि आयांना कळतंच, तर ती पेजही बंद करेल. मग तुमच्या हातचा घास तिच्या तोंडात जायचा तोही राहील.

आता तिच्या बोलण्याकडे येऊ. तिने जे सांगितलं ते शुभवर्तमानात आहे, हे आधी मान्य करा. मार्कच्या पंधराव्या अध्यायात गोलगोथावर प्रभूला गंधरस मिसळलेला द्राक्षारस देऊ केला आणि त्याने तो घेतला नाही. तिने मिस्सेत ऐकलेलं नीट लक्षात ठेवलंय. पण योहानाचा एकोणिसावा अध्यायही तिच्याजवळ बसून वाचा. तिथे तोच येशू "मला तहान लागली आहे" असं म्हणतो, आणि आंबट द्राक्षारसात भिजवलेला बोळा त्याच्या ओठांना लावला जातो तेव्हा तो घेतो. मागून घेतो. देहाची गरज बोलून दाखवायला त्याला कमीपणा वाटला नाही. क्रूसाच्या वाटेवरही त्याने क्रूस उचलायला आणलेल्या कुरेनेकर शिमोनाला "माझा क्रूस मीच नेणार" म्हणून परत पाठवलं नाही. क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेत या प्रसंगाच्या पाचव्या स्थानाशी आपण दर उपासकाळात गुडघे टेकतो आणि पुढे सरकतो. त्या स्थानात काय घडतंय याचा विचार मात्र आपण फारसा करत नाही.

चर्चने यावर फार पूर्वी आणि फार स्पष्ट बोलून ठेवलं आहे. ते आपल्या व्यासपीठांवरून जितकं सांगितलं जायला हवं तितकं सांगितलं जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी पोप बारावे पायस भूलतज्ज्ञांशी बोलले. त्या डॉक्टरांचे प्रश्न साधारण तुमचेच होते : वेदना सोसणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य आहे का, आणि तीव्र वेदनेवर अफूपासून केलेली औषधं द्यावीत का, अगदी त्याने आयुष्य थोडं कमी होण्याची शक्यता असली तरी? पोपनी सांगितलं की वेदना सोसण्याचं असं कोणतंही सक्तीचं कर्तव्य नाही, आणि वेदना शमवण्यासाठीच औषध दिलं जात असेल, दुसरा उपाय नसेल, तर ते देता येतं. ५ मे १९८० रोजी रोमहून निघालेल्या घोषणापत्रात हे आणखी उलगडलं. एखादी व्यक्ती स्वतःहून, ख्रिस्ताशी एकरूप होण्यासाठी, औषध कमी घेऊन दुखण्याचा काही भाग सोसू इच्छित असेल, तर ते थोर आहे. पण ही वाट सर्वांवर लादू नये, आणि बहुतेक आजाऱ्यांच्या बाबतीत औषध वापरण्यातच शहाणपण आहे. दोन्ही गोष्टी त्यात आहेत. म्हणून तुमची आई धर्माबाहेरचं काही करत नाही, आणि तिने गोळी घेतली तर तिचं अर्पण बाटणारही नाही.

म्हातारी माणसं पोपच्या भाषणांनी बधत नाहीत, बायबलने बधतात, म्हणून आणखी एक जागा सांगते. आपल्या कॅथलिक बायबलात सिराखचा ग्रंथ आहे. त्याच्या अडतिसाव्या अध्यायात म्हटलंय की प्रभूने जमिनीतून औषधं उत्पन्न केली आणि शहाणा माणूस ती नाकारत नाही. मॉर्फिन अफूच्या बोंडातून मिळतं. त्याच बोंडातल्या बियांना आपण खसखस म्हणतो. तिच्या स्वयंपाकघरातल्या डब्यात जे आयुष्यभर होतं त्याच झाडाचं हे देणं आहे.

हे सगळं वाचून दाखवाल, पण त्याने ती गोळी घेईलच असं नाही. कारण "प्रभूला वाहिलंय" या वाक्याच्या आत दुसरंही काही दडलेलं असू शकतं, आणि ते तुम्ही अजून विचारलेलं नाही असं मला पत्रावरून वाटतं. मॉर्फिन म्हणजे शेवटचं औषध, ते सुरू झालं म्हणजे दिवस भरले, अशी समजूत घरोघरी आहे. ती खरी नाही. ते दुखण्याच्या तीव्रतेवरून देतात, उरलेल्या दिवसांवरून नाही. काहींना वाटतं की व्यसन लागेल. कर्करोगाच्या दुखण्यावर देखरेखीखाली घेणाऱ्याला तसं व्यसन क्वचितच लागतं. कुणाला पोट घट्ट होण्याचा त्रास झालेला असतो आणि मुलीला ते सांगायची लाज वाटते. हा त्रास तर जवळपास सगळ्यांनाच होतो, म्हणून मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच मागून घ्यायचं असतं. कुणाला पैशांची चिंता असते.

आणि कदाचित तिला गुंगीची भीती असेल. फादर कम्युनियन घेऊन येतील आणि आपण झोपेत असू. मुलगा परदेशातून येईल आणि आपण त्याला ओळखणार नाही. ही भीती असेल तर ती खुळचट समजू नका. मरणाच्या वाटेवरल्या माणसाची शुद्ध सबळ कारणाशिवाय हिरावून घेऊ नये असं चर्चही सांगतं. पण त्यावर औषध नाकारणं हा एकच उपाय नाही. पहिले काही दिवस सुस्ती येते, ती बहुधा ओसरते. डोस लहान सुरू करून वाढवता येतो, वेळा बदलता येतात. दुखणं उसळल्यावर नव्हे तर घड्याळाच्या काट्यावर गोळी घेतली की कमी औषधात जास्त आराम पडतो. तिने डॉक्टरांना स्वतःच्या तोंडाने सांगावं, "रविवारी मिस्सेच्या वेळी मला जागं राहायचंय." चांगला डॉक्टर हे ऐकतो आणि त्याप्रमाणे आखणी करतो. तुम्ही फक्त तिच्या पलंगाशी फोन धरा.

तिला एक प्रश्न विचारा. "गोळी का घेत नाहीस?" असं नको, त्यात जाब विचारल्याचा सूर आहे. "आई, हे दुखणं तू कुणासाठी वाहतेस?" असं विचारा. मग गप्प बसा. ती कदाचित तुमच्या भावाचं नाव घेईल. कदाचित जन्मतःच गेलेल्या एखाद्या लेकराचं, ज्याबद्दल तुम्ही कधी ऐकलंही नसेल. कदाचित तुमचंच. ते नाव कळल्यावर गोळीबद्दलचं बोलणं अगदी वेगळ्या जागेवरून सुरू होईल.

मी स्वतः यात फार चुकले आहे. माझ्या वडिलांच्या शेवटच्या वर्षात त्यांच्या घशाचं दुखणं वाढत गेलं तसतसं माझं बोलणं वाढत गेलं. मी रोज त्यांना म्हणायची, "पप्पा, अर्पण करा. प्रभूला अर्पण करा." एका दुपारी, मे महिना, पंखा वरती नुसता हवा ढवळत होता, त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि तुटक आवाजात म्हणाले, "अर्पण तू कर. मला पाणी दे." मी चमच्याने पाणी घातलं. अर्धं ओघळून मानेवर गेलं. ते पुसताना माझ्या लक्षात आलं की त्या सबंध आठवड्यात मी त्यांना उपदेश पुष्कळ केला होता, हात मात्र लावला नव्हता. त्यांच्या दुखण्याला माझा देव चिकटवून मी स्वतःला त्या दुखण्यापासून लांब ठेवत होते. त्यानंतर मी बोलणं कमी केलं.

तुम्ही लिहिता, "दुःखाला अर्थ असतो असं ऐकलं, मला तो दिसत नाही." ताई, तो दिसावा अशी अपेक्षा तुमच्याकडून कुणी केली? दुसऱ्याच्या वेदनेचा अर्थ बाहेरून लावता येत नाही; लावायला गेलं की तो क्रूर होतो. तुमच्या मावशींनी तेच केलं. वाईट हेतूने नसेल, पण केलं. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य हाच प्रश्न विचारतात : पाप कुणाचं, ह्याचं की आईबापांचं? येशू सांगतो, ह्याचंही नाही आणि त्यांचंही नाही. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांबद्दल तो पुन्हा तेच बोलतो, ते इतरांहून जास्त पापी होते असं समजू नका. जुन्या करारात, काही दोष नसताना सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र अध्यायामागून अध्याय त्याला समजावत राहतात की तुझं काहीतरी चुकलंच असणार. शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो आणि म्हणतो, माझ्याविषयी खरं बोलला तो ईयोब. आरडाओरडा करणारा ईयोब! त्या मित्रांनी एकच गोष्ट चांगली केली होती. सुरुवातीला सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत. मावशी पुन्हा आल्या तर हा प्रसंग त्यांच्या कानावर घाला, आणि आईजवळ बसून फक्त पाय चेपायला सांगा. त्यांनाही काहीतरी करायचंच आहे, पण काय करावं ते सुचत नाहीये.

आपल्या घरांत "भोग" हा शब्द सर्रास वापरला जातो. "तिचे भोग आहेत, भोगून सुटेल." आपण ज्या मातीत वाढलो तिचीच ही बोली आहे, आणि शेजारपाजारच्यांच्या तोंडी ती सहानुभूतीनेच येते. पण तो हिशेबाचा शब्द आहे, कर्ज फेडल्याचा. क्रूस हा शब्द त्या हिशेबात बसत नाही. क्रूसावर जो होता त्याच्यावर काही कर्ज नव्हतं. तुमची आई "वाहिलंय" म्हणते तेव्हा ती फेडत नाहीये, देते आहे. हा फरक तिला बहुधा तुमच्या-माझ्याहून चांगला कळतो. तिच्याकडून तो हिरावून घेऊ नका. तिला फक्त हे सांगा की अर्पण करायला दुखणंच लागतं असं नाही. मुलीने अंग पुसावं, डायपर बदलावा, दुसऱ्याच्या हाताने घास घ्यावा, हे आयुष्यभर सगळ्यांचं करत आलेल्या बाईला मणक्याच्या कळेपेक्षा जड जात असेल. पुनरुत्थानानंतर प्रभू पेत्राला म्हणाला होता, तू म्हातारा होशील तेव्हा हात लांब करशील, दुसरा तुझी कंबर बांधेल आणि तुला जायचं नाही तिकडे नेईल. वाहायचं असेल तर हेही वाहता येतं. गोळीसाठी उघडलेलं तोंडसुद्धा.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी दुःखावर एक सबंध पत्र लिहिलं, ११ फेब्रुवारी १९८४ रोजी. लिहिणारा माणूस दुःखाला अनोळखी नव्हता. नऊ वर्षांचा होण्याआधी आई गेली, बाराव्या वर्षी भाऊ, विसाव्या वर्षी वडील. आणि १३ मे १९८१ रोजी भर चौकात गोळ्या लागल्या. त्या पत्राची सुरुवात संत पौलाच्या वाक्याने होते, ख्रिस्ताच्या क्लेशांत जे उणं राहिलं ते मी माझ्या देहात भरून काढतो, हे ते वाक्य. तुमच्या आईचं म्हणणं इथूनच येतं. पण पत्र पुढे जाऊन, वाटेत जखमी पडलेल्या अनोळख्याची शुश्रूषा करणाऱ्या चांगल्या शमरोन्याच्या गोष्टीपाशी पोचतं, आणि मला ते तिथे सगळ्यात खरं वाटतं. जगात दुःख दिसतं ते माणसाच्या आतलं प्रेम मोकळं व्हावं म्हणून, असं पोप तिथे लिहितात. ख्रिस्ताने दोन गोष्टी एकाच वेळी शिकवल्या : आपल्या दुःखाने दुसऱ्याचं भलं करावं, आणि दुःखात असलेल्याचं भलं करावं. पहिलं तुमच्या आईने धरलंय. दुसरं तुमच्या वाट्याला आलंय. तुम्हा दोघींचं भांडण नाहीच. एकाच पत्राची दोन पानं दोघींच्या हातात आहेत. जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतणाऱ्या शमरोन्याला कुणी म्हणालं नाही की याच्या वेदना वाया घालवू नकोस.

माझं म्हणणं इतकंच आहे की दुखण्यात अर्थ शोधत बसू नका. रात्री तीन वाजता तुम्ही उठता, तिचं डोकं उचलता, उशी उलटवता, थंड बाजू वर करता. ते करता तेव्हा तुम्ही ज्याला अर्थ म्हणता त्याच्या आतच उभ्या असता. तिथून तो दिसत नाही.

आता तुमच्या जपमाळेबद्दल. श्रद्धा संपलेली माणसं "श्रद्धा संपली का" म्हणून पत्र लिहीत नाहीत. स्तोत्रसंहितेत अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र आहे, ते आज रात्री वाचा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही. अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलं गेलं, आजही प्रार्थना म्हणून म्हटलं जातं. लिझ्यूची संत तेरेझा १८९७ साली क्षयाने गेली, अवघी २४ वर्षांची. शेवटच्या महिन्यांत तिला स्वर्ग आहे की नाही याबद्दल भयंकर शंका येत, आणि वेदना इतक्या की आजारी माणसाजवळ विषारी औषध ठेवत जाऊ नका, एका क्षणात तोल जाऊ शकतो, असं तिने जवळच्या भगिनींना बजावलं होतं. चर्चने पुढे तिला धर्मपंडिताचा मान दिला. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा कळलं की त्या जवळपास पन्नास वर्षं आतून कोरड्या अंधारात होत्या. तुमचे तीन महिने मी कमी लेखत नाही. तुमच्या आधी त्या खोलीत कोण कोण बसून गेलं, तेवढं सांगते.

जपमाळ धरवत नसेल तर काही दिवस धरू नका. आई पुटपुटत असेल तेव्हा तिच्या हाताखाली हात ठेवा. "नमो मारिया" तिला म्हणू द्या. क्रूसापाशी मरियामाता उभी होती असं योहान लिहितो, ती काही म्हणाल्याचं लिहीत नाही. २०१५ च्या जानेवारीत मनिलामध्ये रस्त्यावर वाढलेल्या एका १२ वर्षांच्या मुलीने पोप फ्रान्सिसना रडत विचारलं की देव मुलांच्या बाबतीत हे का होऊ देतो. त्यांनी लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवलं, तिला जवळ घेतलं आणि म्हणाले की हिने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नाही, आणि तो शब्दांत नाही, आसवांतच नीट विचारता येतो. पोपना उत्तर देता आलं नाही. तुम्ही आणि मी का दडपण घ्यायचं?

"हिला आता ने" ही प्रार्थना पाप नाही. तुम्ही तिला देवाच्या हाती सोपवता आहात. तिचं आयुष्य हेतुपुरस्सर संपवणं वेगळं, ते चर्च मानत नाही आणि तुम्ही ते मागतही नाही. एलिया संदेष्टासुद्धा रोतेमाच्या झुडपाखाली बसून म्हणाला होता, पुरे झालं प्रभू, माझा जीव घे. देवाने त्याला रागावलं नाही. दूत आला, भाकरी आणि पाण्याची सुरई ठेवली. तो जेवला, झोपला. दूत पुन्हा आला आणि पुन्हा जेवायला घातलं. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण देवाला कळलं की ह्या माणसाला आत्ता दर्शनाची नाही, झोपेची गरज आहे.

तुम्हाला झोपेची गरज आहे. पत्रात कुठेही तुम्ही स्वतःच्या जेवणाझोपेबद्दल लिहिलेलं नाही. क्रूसावरून प्रभूने आपल्या आईची व्यवस्था लावली, शिष्याला म्हणाला, ही तुझी आई. आणि त्या दिवसापासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेलं. आईच्या सेवेची वाटणी करणं हे त्या शेवटच्या काही वाक्यांतलं एक आहे. भावाला हे सांगा. "तिच्या मनासारखं होऊ दे" हे दूर राहून म्हणणं सोपं असतं, पण त्याचीही घालमेल होत असणार. त्याच्याकडून आठवड्यातल्या चार रात्रींसाठी सेविकेचा खर्च मागा, स्पष्ट आकडा सांगून. दर रविवारी अर्धा तास आईशी व्हिडिओवर बोलायला सांगा, त्या अर्ध्या तासात तुम्ही घराबाहेर पडा. धर्मग्रामातल्या छोट्या समूहात दोघीजणी तरी अशा निघतील ज्यांना मदत करायची आहे आणि कुणी मागितलेली नाही.

घरी झेपेनासं झालं तर हॉस्पिसचा विचार करताना अपराधी वाटून घेऊ नका. वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठीचं हे भारतातलं पहिलं हॉस्पिस. ते डॉ. लुइस डिसूझा यांनी सुरू केलं आणि धर्मभगिनींनी चालवलं. समुद्राच्या बाजूला, माऊलीच्या डोंगरावर, कॅथलिक माणसांनीच हे उभं केलं आणि तिथलं पहिलं काम दुखणं थांबवणं हे आहे. आईला ही माहिती एरवीच्या गप्पांत सांगून ठेवा. "सिस्टर लोकही मॉर्फिन देतात" हे वाक्य माझ्या सगळ्या दाखल्यांपेक्षा तिच्यावर जास्त काम करू शकेल.

फादरांशी बोला. ते दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला घरोघर जात असतील, तर त्याआधी त्यांना दहा मिनिटं भेटून उशीखालच्या गोळ्यांचं सगळं सांगा. आजाऱ्यांचा तेलाभ्यंग मागा. आईच्या पिढीला तो मरणाच्या उंबरठ्यावरचाच संस्कार वाटतो, पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपासून चर्च सांगत आलंय की गंभीर आजार सुरू झाला की तो घ्यावा, आणि आजार वाढला तर पुन्हा घेता येतो. ती पूर्ण शुद्धीत असताना, तुमच्या घरातली माणसं भोवती असताना, तिच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लागू द्या. शेवटच्या क्षणी जागं राहण्याची तिची धडपड असेल, तर तीही यानंतर थोडी सैल होईल.

मग आईला फादरांबरोबर एकटं सोडा. गोळ्यांबद्दल तिला काय सांगायचंय ते ती तुमच्यासमोर सांगणार नाही, त्यांच्याजवळ कदाचित सांगेल. तुम्ही दार लोटून घ्या, चुलीवर चहा ठेवा आणि अंगणात जाऊन बसा. आतून काय बोलणं होतंय ते ऐकायला उठू नका.